मी अडकणारच!

मी एक चेन बोलतेय. गळ्यात मिरवतात ती नव्हे, बॅगेला लावतात ती. आणि बॅगेलाही मला कुणी कधी लावलं नाही, कारण मी अडकते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कुरकुर नको.

कारखान्यात लांबलचक गुंडाळीतून आम्हा बहिणींना कापून काढलं, तेव्हा माझ्या मध्यावरचा एक दाता तिरका बसला. माणसांच्या घरात असं काही झालं तर ‘मोठी झाली की सुधारेल’ म्हणतात. चेनला एवढी सवड कोण देतो? मी ढिगात गेले आणि ढिगातून एका बॅगा दुरुस्त करणाऱ्याच्या हातात आले.

त्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. आत एक शिलाई मशीन, भिंतीभर लटकलेल्या बॅगा आणि मधोमध पोट सावरत बसलेला तो. दारापाशी खिळ्याला त्याने रेक्झिनची एक पट्टी टांगली होती, नमुन्यांची. तिच्यावर पितळी दात्यांची चेन, प्लास्टिकची चेन, जाड, बारीक, शिवाय एक बकल आणि दोन टिचबटणं. सगळ्यात खाली मी. बाकीच्यांची टोकं त्याने नीट शिवून बंद केली होती. माझं खालचं टोक मात्र तसंच मोकळं ठेवलं. ‘हिच्यावर दोरा कशाला वाया घालवू?’ म्हणाला.

मग मला ठेवलं कशाला? तर गिऱ्हाईक स्वस्तातली चेन मागायला लागलं की तो मला पुढे करायचा. ‘ओढून बघा.’ गिऱ्हाईक ओढायचं. रनर, म्हणजे दात्यांवरून पळतो तो छोटा तुकडा, मध्यावर येऊन गच्च बसायचा. ‘बघितलंत? स्वस्तातली अशी असते. आता बोला, कुठली लावू?’ गिऱ्हाईक मुकाट्याने पितळीकडे बोट दाखवायचं.

थोडक्यात, मी त्या दुकानातलं वाईट उदाहरण होते. मला त्याची लाज वाटायची असं कुणाला वाटत असेल तर त्याने ते डोक्यातून काढून टाकावं. माझ्या बहिणी गुणी होत्या. ओढलं की उघडायच्या, ओढलं की मिटायच्या, नव्या सुनेसारख्या. पण त्यांना कुणी दुसऱ्यांदा हात लावत नसे. मला मात्र प्रत्येक जण दोनदा, तीनदा ओढायचा. ‘उघडत कशी नाही बघतो!’ म्हणून बाह्या सरसावणारे मी कितीतरी पाहिले. एकालाही दाद दिली नाही.

एक दिवस दुरुस्तीवाल्याची लेक दुकानात आली. कडेवर तिची मुलगी. दोन वर्षांचीही नसेल, पण पायांना चाकं लावल्यासारखी. घरात तिला भिंगरी म्हणत आणि ते अगदी बरोबर होतं. मागोमाग लेकीची मोठी नणंद, भिंगरीची आत्या, एक अगडबंब बॅग ओढत आली. बॅगेचं चाक निखळलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तिघींना परदेशी निघायचं होतं.

दुरुस्तीवाला चाक बसवत होता तेवढ्या वेळात मला सगळा मामला कळला. लेकीचा नवरा आधीच तिकडे नोकरीला गेला होता. आता लेकीलाही तिथे काम मिळालं होतं. दोघं दिवसभर बाहेर, मग पोरीकडे बघणार कोण? आत्याबाईंनी जन्मापासून भिंगरीला सांभाळलं होतं. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं.

‘मी सोबत येते, घर लावून देते आणि परत येताना हिला घेऊन येते. तुमचं बस्तान बसलं की न्या.’

‘ताई, ती माझ्याजवळ राहील,’ लेक म्हणाली.

‘अगं, तुला एक तास आवरत नाही ती. विमानात एवढा वेळ जागेवर बसवून दाखव. जमलं तर मी एक शब्द बोलणार नाही. परतीचं तिकीट काढून ठेवलंय मी, माझं आणि तिचं.’

‘बरं. बघूच,’ लेक म्हणाली. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘तुम्ही दोघी ठरवा.’ पुरुषमाणूस पाच हजार मैलांवरून एवढंच बोलू शकतो.

हे चाललं असताना भिंगरी काउंटरवर बसून आमच्या पट्टीला लोंबकळत होती. आजोबांनी ते पाहिलं आणि पट्टी खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिली. मग कात्री उचलली. ‘थांब, ही खालची काढून टाकतो. अडकते ती. पोर चिडेल.’

‘राहू द्या हो बाबा, उशीर झालाय,’ लेक म्हणाली.

माझा जीव असा घाईगडबडीत वाचला. कुणाचे उपकार नाहीत माझ्यावर.

आत्याबाईंनी पट्टीकडे पाहून नाक मुरडलं. ‘हे दुकानातलं भंगार कशाला? मी घेतलीयत की खेळणी.’

घेतली होती खरी. विमान सुटलं आणि आत्याबाईंच्या पिशवीतून एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. मान हलवणारं कासव. भिंगरीने त्याची मान हलवली, उपटली, संपलं. चित्रांचं पुस्तक चावून झालं. ठोकळे पुढच्या सीटखाली गेले आणि ते काढताना आत्याबाईंचा चष्मा तिकडेच राहिला. हवाईसुंदरीने रंगीत खडू आणून दिले, त्यातला निळा शेजारच्या गृहस्थांच्या पांढऱ्या शर्टवर चालला. लेकीने मोबाईलवर गाणी लावली. भिंगरीने दोन गाणी ऐकली आणि मोबाईल कानाला लावून ‘हॅलो बाबा’ म्हणत तो फेकून दिला. पुढच्या रांगेतून ‘आई गं’ ऐकू आलं.

मग लेक तिला घेऊन मधल्या वाटेत येरझाऱ्या घालू लागली. ते बरं चाललं होतं, तेवढ्यात विमान हादरायला लागलं आणि सगळ्यांनी पट्टे बांधून बसा असं सांगणं आलं. भिंगरीला पट्टा बांधला. तिने अंगाची कमान केली आणि असं भोकाड पसरलं की माझे दाते सळसळले. पाठच्या सीटवरून कुणीतरी सुस्कारा सोडला. शेजारचे गृहस्थ डोळे मिटून बसले.

आत्याबाईंनी फक्त लेकीकडे बघितलं. त्या बघण्यात परतीचं तिकीट होतं. लेकीने आपल्या पिशवीच्या तळातून आमची पट्टी काढली आणि भिंगरीच्या मांडीवर ठेवली.

भिंगरीने हुंदके देत देत पितळी चेन ओढली. उघडली. मिटली. प्लास्टिकची ओढली. उघडली. जाड, बारीक, बकल, टिचबटणं, सगळ्यांचा फडशा पडला. माझ्या गुणी बहिणी! सगळ्यांनी मिळून पोरीला नाक पुसण्याइतकाही वेळ गुंतवलं नाही.

मग तिचा हात माझ्यावर आला. तिने ओढलं. मी अडकले.

ती थांबली. रडणंही थांबलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या बाह्या सरसावणाऱ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना राग यायचा. हिला नवल वाटलं. तिने पुन्हा ओढलं. मी हलले नाही. तिने दोन्ही हात लावले, जीभ बाहेर काढली, पाय पुढच्या सीटला टेकवले. मी म्हटलं, ये, बघते तुझ्यात किती दम आहे.

‘थांब बाळा, आत्या देते उघडून,’ आत्याबाई पुढे झाल्या.

‘मी!’ भिंगरी ओरडली.

‘ताई, तिला करू द्या.’

‘चिडेल ती.’

‘चिडू दे.’

आत्याबाई मागे टेकल्या. हादरे थांबले, पट्टे सोडायला सांगितलं, भिंगरीला पत्ता नव्हता. जेवण आलं, ट्रेमधली बिस्किटं तिने एका हाताने खाल्ली. शेजारच्या गृहस्थांनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि मग हळूच म्हणाले, ‘वरून नाही बेटा, जरा खालून.’ त्यांनाही ‘मी!’ ऐकावं लागलं. खिडकीबाहेरचं ऊन एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं आणि आम्ही दोघी अजून भांडत होतो. आयुष्यात मला एवढा मान कुणी दिला नव्हता.

शेवटी तिने काय केलं? डाव्या हाताने माझं कापड ताणून धरलं आणि उजव्या हाताने रनर दाबत ओढला. तिचा तिनेच शोध लावला. माझा तिरका दाता हुकला आणि मी सरसर उघडत गेले. भिंगरी किंचाळली, आनंदाने. आणि त्या भरात तिने एवढा जोर लावला की रनर माझ्या मोकळ्या टोकावरून सुटून तिच्या हातातच आला.

तिने तो पाहिला. आणि सरळ तोंडाकडे नेला.

आत्याबाईंनी झडप घालून मनगट धरलं. रनर खाली पडला. ‘बघ! हेच म्हणत होते मी! घशात गेला असता म्हणजे? चार वस्तू धड देता येत नाहीत आणि म्हणे सांभाळीन!’ त्यांचा आवाज रडवेला झाला होता. भिंगरीने पुन्हा टाहो फोडला. सगळं विमान आमच्याकडे बघत होतं.

मी दोन फाकलेल्या पट्ट्या होऊन लोंबत होते. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, हरलो.

आत्याबाई बरोबर बोलल्या होत्या हे लेकीला कळत होतं. पण रडत न बसता तिने खाली वाकून रनर शोधला. जेवणाचे ट्रे अजून समोर होते. तिने त्यातला काटा उचलला आणि रनर काट्याच्या दातांत रोवला, बाबांच्या दुकानात लहानपणापासून बघत आली होती तसा.

‘ताई, एवढा काटा धरा. घट्ट.’

‘मी?’

‘मला दोन्ही हात लागतात. धरा ना.’

आत्याबाईंनी काटा धरला. लेकीने माझी दोन टोकं रनरच्या दोन तोंडांत घातली आणि हळूहळू ओढायला लागली. एकदा सुटलं. ‘हलू नका ना हो.’ ‘मी कुठे हलतेय, विमान हलतंय.’ भिंगरी रडायची थांबली होती. दोघींच्या मध्ये डोकं खुपसून ती श्वास रोखून बघत होती. दुसऱ्या खेपेला रनर चढला. मग लेकीने केसांतली पिन काढून माझ्या मोकळ्या टोकावर वाकवून पक्की दाबली, पुन्हा रनर सुटू नये म्हणून. ओढून ओढून तीनदा तपासलं. मग आत्याबाईंकडे दिलं. ‘तुम्हीही बघा.’

आत्याबाईंनी ओढलं. मी अडकले. त्यांनी पुन्हा ओढलं, दात ओठ खाऊन. मी पुन्हा अडकले.

‘मेली काय हट्टी आहे!’ असं म्हणून आत्याबाई हसल्या. दुकानातून निघाल्यापासून पहिल्यांदा. भिंगरीने त्यांचा डावा हात धरून माझ्या कापडावर ठेवला आणि म्हणाली, ‘आत्या, अश्शं.’

विमान उतरलं तेव्हा भिंगरी आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती. आत्याबाई परतीच्या तिकिटाबद्दल काही बोलल्या नाहीत. नव्या घरी पडदे लावले, भांडी मांडली, पाळणाघर स्वतः दोनदा बघून आल्या. निघायच्या आदल्या दिवशी लेक भीत भीत म्हणाली, ‘ताई, भिंगरीचे कपडे...’

‘कपाटात आहेत. तिथेच राहू दे. मी एकटी जातेय.’ मग म्हणाल्या, ‘तुला जमत नाही म्हणून नव्हतं गं न्यायचं. मला करमणार नाही म्हणून न्यायचं होतं.’

लेकीने त्यांना मिठी मारली.

भिंगरीचं म्हणाल तर तिने मला केव्हाच टाकलं होतं. एकदा युक्ती कळल्यावर ती मला चुटकीसरशी उघडायची आणि वळून बघायची नाही. लेकरांची जातच तशी. मला राग नाही. बरं, थोडा आहे. मी सोफ्याखाली पडले होते, आत्याबाईंनी वाकून मला उचललं आणि धूळ झटकली. ‘हे मी नेते,’ म्हणाल्या.

तेव्हापासून मी त्यांच्या घरी आहे. घर शांत आहे. दुपारी भांडी आवरून झाली की त्या खिडकीपाशी बसतात, मला मांडीवर घेतात आणि ओढतात. युक्ती त्यांना येते, भिंगरीनेच शिकवलीय. पण हल्ली डाव्या हाताने कापड धरायला त्या मुद्दाम विसरतात, हे मला कळतं. मग मीही अडकते. त्या मला शिव्या घालतात, मी हलत नाही, आणि बघता बघता ऊन उतरतं. परवा शेजारीण म्हणाली, ‘द्या इकडे, माझा मुलगा एका मिनिटात सरळ करून देईल.’

आत्याबाईंनी मला पदराखाली घेतलं. ‘हात लावायचा नाही,’ म्हणाल्या.

ऐकलंत ना? कुणीही हात लावायचा नाही. मी सरळ झाले, तर त्यांची दुपार कशी जाणार?