शुक्रवारची सही

आपल्याकडे रजिस्टर कसं भरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. सोसायटीच्या लिफ्टपासून शाळेच्या बसपर्यंत सगळीकडे कुठेतरी एक जाडजूड वही असते. तिच्यात रोजच्या रोज ‘तपासले, योग्य’ असं लिहिलेलं असतं, आणि तपासलेलं कुणीच नसतं. तुम्हाला हे माहीत आहे, मलाही माहीत आहे. तरी आपण जांभई देऊन पुढे जातो. ज्यांना याचा राग येत नाही, त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कुकरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनायचे. शिट्टी अडकली, आत वाफ कोंडली, की हा व्हॉल्व्ह उडतो आणि वाफ मोकळी होते. तो उडाला नाही तर अख्खं झाकण उडतं, आणि समोर जो उभा असेल त्याचं तोंड भाजतं. प्रत्येक लॉटमधले वीस नग पंपावर चढवायचे, ठरलेल्या प्रेशरला उडतात का बघायचं आणि मग सही करायची, ही धम्मदीप तांबेची नोकरी होती.

माणूस चांगला होता, हे मी टोमण्याने म्हणत नाही. चिखलोलीला एक छोटा फ्लॅट, बायको माया, सातवीतली मुलगी उन्नती. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाचा फुकटचा चहासुद्धा नाही. दर रविवारी सकाळी विहारात तो वर्ग घ्यायचा. आधी मुलांना पंचशील समजावायचं, मग लिहिता-वाचता न येणाऱ्या बायाबापड्यांना अक्षरं आणि आकडे शिकवायचे. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की त्याचा आवाज चढायचा. “माझं तत्त्वज्ञान एवढंच आहे,” तो म्हणायचा, “सरळ वागायचं, कुणाला फसवायचं नाही आणि संध्याकाळी हसत घरी यायचं. सुख म्हणतात ते हेच.” आणि तो खरोखर हसतच घरी यायचा. चीड येते ती याचीच.

कारण अकरा महिने त्याने एकही व्हॉल्व्ह पंपावर चढवला नव्हता. ऑर्डरी वाढल्या तेव्हा मॅनेजर हेमचंद्र सामंत म्हणाले होते, “तांबे, नेहमीचाच माल आहे. भरून टाका ना.” त्याने भरून टाकलं. आधी एका दिवसाचं, मग दोन दिवसांचं, मग बुधवारी बसून शनिवारपर्यंतच्या सह्या. याला तो खोटं म्हणत नव्हता, पेपरवर्क म्हणत होता. चांगल्या माणसांनी खोट्याला अशी साळसूद नावं देऊन ठेवली आहेत, म्हणून तर ते इतकं सुखाने नांदतं.

त्या शनिवारी दुपारी पॅकिंगमध्ये काम थांबलं. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये कुकर विकणाऱ्या टेकचंदानी शेठचा माल जायचा होता. टेम्पो गेटवर उभा होता. आणि पॅकिंगवाली इंदुबाई हातात पेन धरून नुसती बसली होती. रजिस्टरातली तपासणीची तारीख बघून ती प्रत्येक खोक्याच्या चिठ्ठीवर उतरवायची, एवढंच तिचं काम. धम्मदीप तावातावाने आला.

“काय झालं, इंदुबाई? टेम्पोवाला बोंबलतोय.”

“सर, ही तारीख शुक्रवारची हाय.”

“मग?”

“शुक्रवारी एमआयडीसीची लाईट बंद असते. कंपनीला सुट्टी. पंप चालवला कुणी?”

धम्मदीपने वही ओढून घेतली. शुक्रवार. वीस नग, वीसही योग्य, खाली त्याची लफ्फेदार सही. बुधवारी सह्या करताना हात पुढे पुढे सरकत गेला होता आणि शुक्रवार वगळायचं राहून गेलं होतं. त्याचे कान तापले. पण शरमेने नव्हे बरं का, रागाने. एक कंत्राटी बाई चार माणसांत आपल्याला विचारते म्हणजे काय? त्याने पेन काढलं, शुक्रवार खोडला, वर गुरुवार केला.

“घ्या. चुकून पडलं. लिहा आता.”

इंदुबाईने पेन खाली ठेवलं. “गुरुवारी तुम्ही रजेवर होता. उन्नतीच्या शाळेत मीटिंग होती. तुम्हीच सांगितलं होतं.”

आजूबाजूच्या दोन बाया पदराआड हसल्या. धम्मदीपच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात सामंत साहेब आले, काय झालं ते ऐकलं आणि एका मिनिटात निकाल दिला. “हिची तक्रार लिहून द्या, तांबे. कामात अडथळा. सोमवारपासून दुसरी बाई बघतो. आणि चिठ्ठ्या तुम्हीच लिहून टेम्पो काढा.”

साहेब केबिनमध्ये गेले. धम्मदीप तक्रारीचा कागद घेऊन तिथेच टेबलाशी बसला, आणि लिहिण्याआधी त्याला तिला चार शब्द सुनवायचेच होते.

“तुम्हाला काय पडलंय हो? सही माझी, जबाबदारी माझी. तुम्ही फक्त उतरवायचं. इतकी वर्षं गुपचूप उतरवतच होतात ना?”

“उतरवत होते,” इंदुबाई म्हणाली. “चित्र काढतात तशी काढायचे. त्यात काय लिवलंय ते कळत नव्हतं. मग रविवारी विहारात तुम्ही मला आकडे शिकवले, वार शिकवले. माझं नाव मला पहिल्यांदा वाचता आलं तेव्हा तुम्हीच सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. आता वाचता येतं, तर दिसतंय. शिकवताना सांगायचं होतं सर, की विहारात वाचा आणि कंपनीत आंधळ्या व्हा.”

धम्मदीपने तक्रारीचा कागद पुढे ओढला.

“मी पण खोटारडीच,” ती पुढे म्हणाली. “हे अक्षर माझं हाय. कुण्या बाईचं तोंड भाजलं तर त्या खोक्यावर तारीख माझ्या हातची निघेल. तुम्ही सांगता सुख, सुख. दुसऱ्याच्या घरी स्फोट ठेवून आपण हसत घरी जायचं, ह्याला सुख म्हणतात व्हय? मला नको असलं. लिवा तक्रार. खरी लिवा मात्र.”

त्याने कागदावर ‘इंदुबाई’ एवढं लिहिलं, आणि पेन पुढे सरकेना. स्वतःचा असा संताप त्याला आयुष्यात कधी आला नव्हता. सामंतांचा नाही, त्या बाईचा नाही, स्वतःचा. रविवारी वर्गात चढलेला आपला आवाज त्याला आठवला आणि किळस आली. तो उठला. चिठ्ठीविना पडलेलं एक खोकं उघडलं, वीस नग काढले आणि पंपाकडे गेला. अकरा महिन्यांची धूळ त्याने बाहीने पुसली.

पहिला उडाला. दुसरा उडाला. पाचवा नाही. काटा लाल रेघेच्या पार गेला, तरी व्हॉल्व्ह ढिम्म हलला नाही. नववा नाही. विसावा संपला तेव्हा बाजूला चार नग पडले होते.

सामंत साहेब धावत आले. चार नग पाहिले आणि म्हणाले, “चारच ना? सोळा तर बरे आहेत. लगेच कुठे सगळ्यांच्या शिट्ट्या अडकणार आहेत, तांबे. तुम्हाला मुलगी आहे, फ्लॅटचे हप्ते आहेत. जरा सुखाने जगा की.”

बघा, हाच शब्द! तुम्ही-आम्ही रोज हेच ऐकतो आणि मान डोलावतो. गप्प राहा आणि सुखाने जगा. यांच्या सुखासाठी कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा बळी गेला तरी चालतो.

धम्मदीपने तिथल्या तिथे फोन काढला आणि टेकचंदानी शेठना लावला. स्पीकर त्याने मुद्दामच सुरू केला.

“शेठ, तुमचा माल थांबवतोय. तपासला नव्हता. आता तपासला, वीसमध्ये चार फेल.”

पलीकडून शेठ म्हणाले, “साईं, ये तो आजका हुआ. पहले वाला? कबसे नहीं देखा?”

इथे सुटायला वाट होती. ‘फक्त हाच लॉट’ म्हटलं असतं तर इज्जत राहिली असती, कदाचित नोकरीही. सामंत साहेब हातवारे करून तेच सुचवत होते. इंदुबाई भिंतीला टेकून खाली बघत होती. या वेळी ती काही विचारणार नव्हती.

“अकरा महिने,” धम्मदीप म्हणाला. “सगळ्या सह्या माझ्या आहेत. सगळ्या खोट्या.”

शेठनी दिलेल्या शिव्या इथे लिहिता येणार नाहीत. त्या शिव्या योग्यच होत्या.

धम्मदीपची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. सामंत साहेबांचं काहीच बिघडलं नाही, साहेबांचं बिघडत नसतं. पण इंदुबाई राहिली, कारण टेकचंदानी शेठनी मालकांना फोन करून सांगितलं, माल घेईन तर त्या बाईने स्वतः बघून लिहिलेल्या चिठ्ठीवरच घेईन. घरी मायाने सगळं ऐकलं. ती चिडली, रडली, आणि शेवटी म्हणाली, “अकरा महिने तू मलाही हसून दाखवत होतास ना?”

रविवारी तो विहारात गेला, पण वर्ग घ्यायला नाही. सगळ्यांसमोर उभा राहून त्याने झालेलं सांगितलं आणि तिथून थेट कॅम्प दोन गाठलं. टेकचंदानी शेठच्या दुकानाबाहेर बोर्ड लागला होता, जुने कुकर घेऊन या, व्हॉल्व्ह बदलून मिळेल. लोक पिशव्यांतून कुकर घेऊन रांगेत उभे होते. धम्मदीप पायरीवर बसला आणि पाना घेऊन एकेक व्हॉल्व्ह बदलू लागला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि शेठनी हाकललंही नाही.

दुपारपर्यंत लोक करवादले होते. एक म्हातारी पुढे आली. तिच्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं. तिने कुकर त्याच्यासमोर आदळला.

“हे तपासणारा मेला कोण होता रे?”

रांगेतले चारपाच जण वळून बघू लागले. धम्मदीप उठून उभा राहिला.

“मीच होतो, आजी.”

तिने सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. तो हलला नाही. खाली बसला आणि सह्या केलेल्या त्याच हातांनी तिच्या कुकरचा व्हॉल्व्ह काढू लागला.

नागरिकहो, सचोटी विहारातल्या, देवळातल्या भाषणात नसते. ती आपल्या रोजच्या सहीत असते. ज्या सुखासाठी आपल्याला आपलीच सही वाचणं टाळावं लागतं, ते सुख नव्हे, ती दुसऱ्याच्या जिवावरची झोप आहे. तुमच्याही टेबलावर एक वही असेल. सोमवारी ती उघडा, आणि न बघता केलेल्या सह्या आधी खोडा.