टॉवेल फक्त बसायला

स्पाच्या सूचनांचा कागद रुहीने आठवडाभर आधी पाठवला होता आणि तिच्या आईने, मालिनीने, तो चार वेळा वाचला होता. आत शिरण्याआधी साबण लावून आंघोळ. फोन लॉकरमध्ये, फोटो कुठेही नाही. कुंडात कपडे चालत नाहीत, पोहण्याचा पोशाखही नाही. टॉवेल मिळेल, पण तो बाकावर अंथरून बसायला, गुंडाळायला नव्हे. कोणाकडे टक लावून पाहू नये.

मालिनी अडुसष्ट वर्षांची होती. बत्तीस वर्षं तिने अमेरिकेत, बॉथेलमधल्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली होती आणि तिथल्या नियमांचे कागद तिला पाठ असायचे. हा कागद मात्र डोक्यात शिरत नव्हता. नवरा आणि बाळंतपणातले डॉक्टर सोडले तर तिला तसं कोणी पाहिलेलं नव्हतं. नवऱ्यानेही दिवा लावून नाही.

त्याची, म्हणजे गुरुदत्तची, पाठ शुक्रवारी संध्याकाळी नेमकी धरली.

"तू जाऊन ये. मी पडून राहतो."

"तुम्हाला तसंही बोलावलेलं नाही. फक्त बायका आहेत."

"मग बरंच झालं," तो म्हणाला आणि जेवायला उठून बसला.

नाही म्हणायची सोय मालिनीला नव्हती. तीन वर्षांपूर्वी रुहीने फोनवर ओवेनबद्दल सांगितलं, तेव्हा ती एकच शब्द बोलली होती: नाही. रुहीने फोन ठेवला आणि पुढचे एकोणीस महिने उचलला नाही. दिवाळीचा निरोप आला तोही बापाला. आता त्या दोघांचं लग्न पाच आठवड्यांवर होतं. ओवेनची आई कॅरल, निवृत्त नर्स, डोंगरातल्या गरम पाण्याच्या कुंडावर हा स्पा चालवायची. एरवी तिथे बायका-पुरुष एकत्र असत. कॅरलने आजची सकाळ फक्त या दोघींसाठी राखली होती. "तिला वाईट वाटेल," एवढं रुही एकदा म्हणाली होती. मालिनीला तेवढं पुरे होतं. ती म्हणाली, छान, येते.

कपडे बदलायच्या खोलीला आडोसा नव्हता. मालिनीने भिंतीकडे तोंड करून आंघोळ उरकली आणि कुंडापर्यंत जाण्यासाठी दिलेला सुती गाऊन अंगावर घेतला. मंगळसूत्राबद्दल कागदात काही लिहिलं नव्हतं. ते तिने राहू दिलं. खोलीच्या टोकाला काचेचं दार होतं, दाराशेजारी दोन खुंट्या. गाऊन तिथे टांगायचा आणि बाहेर पडायचं. काचेतून वाफ दिसत होती, वाफेत कॅरलचे उघडे खांदे. तिने हात हलवला. मालिनीनेही हलवला, आणि दुसऱ्या हाताने गाऊनचा गळा घट्ट धरला.

घड्याळात अकराला दहा मिनिटं होती. पाच मिनिटांनीही दोघी तिथेच उभ्या होत्या. रुहीच्या गाऊनच्या पट्ट्याला दुहेरी गाठ होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"गाठ अडकली का?"

"नो. इट्स फाइन. तू हो पुढे."

"तुला सवय आहे. तू हो."

"मला काय सवय आहे, आई? फर्स्ट टाइम आलेय मी."

मालिनी बघत राहिली.

"चार वेळा बोलावलं तिने. चारही वेळा मी सांगितलं, पीरियड आहे. पाचव्यांदा कसं सांगू? शी वॉज अ नर्स."

"मग मला कशाला गोवलंस?"

"तू नाही म्हणशील म्हणून." रुहीचा आवाज खाली गेला. "यू ऑलवेज से नो. मी तुझ्यावर ढकलणार होते. आई कन्झर्व्हेटिव्ह आहे, तिला एकटं सोडून कशी येऊ, वगैरे. आणि तू म्हणालीस छान, येते. आय कुडन्ट बिलीव्ह इट."

बाहेरून कॅरलने विचारलं, सगळं ठीक आहे ना?

"आता सांग ना तिला," रुही कुजबुजली. "प्लीज. तू सांगितलंस तर चालेल."

मालिनीला ते चालणं नीट ठाऊक होतं. आज सांगायचं, आणि पुढची वीस वर्षं त्या घरात आडमुठी आई म्हणून वावरायचं. न सांगावं तर खुंटी समोर होती.

"माझ्यापुरतं मी सांगते," ती म्हणाली. "तुझं तू बघ."

गाऊनसकट ती दाराबाहेर गेली. दगड निसरडे होते. कॅरलकडे पाहताना नजर तिच्या कपाळावरच ठेवून तिने इंग्रजीत सांगितलं, की मी पाण्यात उतरणार नाही, मला हे जमायचं नाही.

"बरं," कॅरल म्हणाली. "पाय सोडून बसा हवं तर. पाणी छान आहे."

झालं. मालिनी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली, पण ते आलं नाही. ती काठावर बसली. पाय भाजल्यासारखे झाले, तरी तिने ते काढले नाहीत.

"आणि तू, रुही?"

रुही दारात उभी होती. तिने आईकडे पाहिलं. मालिनी समोरच्या देवदारांकडे बघत होती.

"मीही नाही," रुही म्हणाली. थांबली. "आज नाही, असं नाही. कधीच नाही, कॅरल. मला हे नाही आवडत."

या वेळी कॅरल 'बरं' म्हणाली नाही. पाण्याखाली तिने हात छातीशी दुमडले.

"एका महिन्यात दोनदा पीरियड सांगितला होतास तू," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला मीच आवडत नाही. ओवेनलाही तसं म्हणाले मी."

हे रुही आणि कॅरलने एकमेकींशी बोलायचं होतं, आपण तिथे नसावं, असं मालिनीला फार वाटलं. ती उठायला गेली. पण रुही येऊन तिच्या शेजारी दगडावर बसली होती आणि कॅरलला उत्तर देण्याआधी तिने आईच्या गाऊनची बाही मुठीत धरली. मालिनी पुन्हा खाली बसली.