करवंदीचं डोहाळजेवण

काट्यावर तोलून रात्रभर भिजत घातलेलं सुकं गवत धाऊनं ड्रमातून उपसलं. चहासारखं झालेलं पाणी त्यानं बांधावर ओतून दिलं. गवतातला गोडवा त्या पाण्याबरोबर गेला की राहिलेला चोथा करवंदीचा.

करवंदी म्हणजे त्याची घोडी. पिकल्या करवंदाच्या रंगाची, तेवीस वर्षांची. सोळा वर्षं तिनं माथेरानच्या लाल मातीत पाहुणे वाहिले. आता कळंबात, पोपटच्या रिसॉर्टला लागून असलेल्या धाऊच्या वाडग्यात ती म्हातारपण काढत होती. तोंडाला काथ्याचं मुसकं, त्याला खाली दोन बोटांचं भोक. भोकातून येईल तेवढाच हिरवा घास तिच्या वाट्याचा.

गेल्या वर्षी भादव्यात ती मोकळी चरली, फुगली, आणि एका सकाळी तिचे पुढचे खूर तव्यासारखे तापले. पाय पुढं टाकून, सगळा भार मागं घेऊन ती चार दिवस खांबासारखी उभी होती. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दाणा बंद, गोड बंद, कोवळं गवत बंद, अंग उतरवा. पुन्हा खूर तापले तर आतलं हाड फिरेल, मग ही बसेल ती उठणार नाही.

वर्ष उलटलं, तरी अंग हट्टानं उतरत नव्हतं. मानेवरचा आयाळीखालचा चरबीचा पट्टा घट्ट, पोट खाली झुललेलं. त्या पोटावरच शेजारच्या इंदूबाईची नजर गेली. ती गुळाची लापशी घेऊन आली आणि मुसकं बघून तिचा जीव कळवळला.

"धाऊ, पोटुशी हाय रं ती. नि तू तिचं तोंड बांधतोस?"

"वयनी, चरबी हाय ती. दोन वर्सांत नराची सावली पडली नाय हिच्यावर."

"मला पाच पोरं झाली. पोट मला शिकवतोस व्हय?"

लापशी त्यानं परत पाठवली. पण बातमी काही परत गेली नाही. दिवस कलेपर्यंत गावभर झाली, आणि पोपटच्या कानावर पडली तेव्हा तिचा कार्यक्रम झाला. रविवारी पाहुण्यांसाठी घोडीचं डोहाळजेवण. धाऊ जाऊन नाही म्हणून आला. पोपट मान हलवत राहिला, बरं मामा, बरं मामा.

रविवारी धाऊ खूर कापायला मनोज नालबंदाला आणायला पोशीरला गेला. आश्विनाचं ऊन भाताच्या लोंब्यांवर साय धरल्यासारखं पसरलं होतं. मनोजच्या गाडीवरून उतरतानाच त्याला गाणं ऐकू आलं.

रिसॉर्टच्या हिरवळीवर करवंदी उभी होती. पाठीवर हिरवं लुगडं, गळ्यात झेंडू, कानाला मोगऱ्याच्या वेण्या. मुसकं पायदळी पडलेलं. बाया महिन्यामहिन्याचे डोहाळे गात होत्या आणि नवव्या महिन्याला येऊन थांबल्या. घोडीला अकरा लागतात, एवढंही कुणाला ठाऊक नव्हतं. लाडू, पेढे, केळी, गुळाचे खडे, जो तो हात पुढं करत होता. एक पाहुणी तिला पेढा भरवायची, फोटो काढायची, तुपाची बोटं तिच्याच आयाळीला पुसायची आणि दुसरा पेढा घ्यायची. करवंदीच्या ओठांवरून गोड लाळ गळत होती, तिच्यावर माशा. तूप, अत्तर, घाम, लाळ यांचा एकच वास धाऊच्या नाकात गेला. कुंपणाशी जाऊन तो थुंकला. तोंडातली घाण गेली नाही.

"मामा, लोकं मायेनं देतायत," पोपट म्हणाला.

"हिला मारताय, नि वरनं गानी म्हनताय," धाऊ म्हणाला. "तुमच्या मायेची किळस येते मला. सरा बाजूला."

लुगडं त्यानं ओढून खाली टाकलं. मागून कुणी निर्दय म्हणालं, कुणी मोबाईल धरला. तो घोडीला सरळ ओढ्यात घेऊन गेला.

गार पाण्यात ती गुडघ्यापर्यंत उभी आणि तिच्याजवळ तो. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. खुराच्या वर, मागच्या बाजूला बोट ठेवून तो नाडी बघत राही. खूर तापला की ती जोरात उडते; पहिल्या दिवशी ढोलासारखी वाजत होती. डॉक्टरीणबाई येऊन औषध देऊन गेल्या, पाणी सोडू नका म्हणाल्या. तिसऱ्या सांजेला नाडी शोधावी लागली. तेव्हा कुठं त्यानं बिडी पेटवली.

मग त्यानं वाडग्यातलं गवताचं शेवटचं पातंही उपटून टाकलं, खाली नुसती दगडमाती ठेवली. भिजलेलं गवत, तेही मोजून. नाडी पुरती निवल्यावर सकाळ-संध्याकाळ फेरफटका. दिवाळी गेली, भातं झोडून झाली. करवंदीच्या बरगड्या हाताला लागू लागल्या, पोट वर गेलं, मानेवरचा पट्टा मऊ पडला.

ते रिकामं पोट बघून इंदूबाई पदर तोंडाला लावून आली. मागं दोघी-तिघी. घोडी गाभडली, गाव म्हणत होता. पोपटनं फाटकाशी न जन्मलेल्या शिंगराच्या नावानं मेणबत्त्या लावायला चौथरा केला होता. पाहुणे लावतही होते.

"उपाशी ठेवून गाभ पाडलास तिचा," इंदूबाई म्हणाली. तिचे डोळे खरेच भरलेले होते. "पाप लागंल तुला."

धाऊ खाली बसला होता. खुरावर त्याचा तळवा होता. खूर ओढ्यातल्या गोट्यासारखा गार होता.

"लागू दे, वयनी," तो म्हणाला, आणि त्यानं दुसरा खूर बघायला घेतला.