बर्फावरचं सादरीकरण

प्राध्यापक लीलंड हौताला याला स्वतःबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक होती: आपल्याला स्पर्धा आवडत नाही. ही गोष्ट तो इतक्या लोकांना, इतक्या वेळा आणि इतक्या इरेला पेटून सांगायचा, की पोर्ट अल्मा गावात त्याच्याशी पत्ते खेळायला कुणी धजत नसे.

त्या हिवाळ्यात सरकारनं एक योजना काढली. मागे पडलेल्या भागांत नवं संशोधन व्हावं, त्यातून नवे धंदे उभे राहावेत, म्हणून त्या त्या भागातल्या विद्यापीठांना भरघोस निधी द्यायचा. तांब्याच्या खाणी बंद पडल्यापासून सुपीरियर सरोवराच्या काठचा हा मुलूख जो बसला होता तो उठलाच नव्हता, त्यामुळे विद्यापीठात आनंदीआनंद झाला. "आपल्याइतकी वाईट अवस्था दुसऱ्या कुणाची असेल असं मला वाटत नाही," असं कुलगुरूंनी भर सभेत छाती फुगवून सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी पुढची अट वाचून दाखवली. एका विद्यापीठातून एकच प्रस्ताव जाणार होता. टाळ्या थांबल्या. संध्याकाळपर्यंत माणसं आपापल्या प्रयोगशाळांना आतून कड्या लावून बसली.

पहिल्या चाळणीत बाकीचे गळाले आणि दोन गट उरले. एक लीलंडचा. लाकडाच्या भुशात जंगली बुरशी वाढवून त्याचे तक्ते करायचे, आणि ते भिंतीला लावले की बाहेरची थंडी बाहेरच राहते, हे त्याचं आयुष्यभराचं काम. दुसरा गट कोरीन बोड्रीचा. सरोवराच्या बर्फाखाली यंत्रं सोडून ती पाण्याचा आणि बर्फाचा अंदाज घेत असे. कोरीन लीलंडची शेजारीण. दोघांच्या घरांना मिळून बर्फ उडवायचं यंत्र एकच होतं. चाळणीचा निकाल लागला त्या दिवसापासून लीलंडनं फावडं वापरायला सुरुवात केली. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं; कंबर मात्र धरली.

योजनेची आणखी एक अट होती. प्रस्तावामागे गावचा एखादा उद्योग उभा हवा. आता पोर्ट अल्मात उद्योग म्हणावा असा एकच, व्हर्ना स्टिमाच यांची लाकडाची गिरणी. व्हर्नाबाई सत्तरीच्या पुढच्या, बोलायला करवतीसारख्या.

लीलंडनं बायकोकडून वेलदोड्याचा पाव भाजून घेतला आणि शनिवारी सकाळी तो व्हर्नाबाईंच्या दारात उभा राहिला. दार उघडलं कोरीननं. तिच्या हातात सफरचंद भरून भाजलेल्या गोड पायची बशी होती.

"ये ना," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, तू पाव घेऊन येशील."

"मी सहज आलो होतो," लीलंड म्हणाला.

"मीसुद्धा सहजच."

आतून व्हर्नाबाई ओरडल्या, "सहज आलेल्यांनी बूट काढून आत या! दोघांचं एकदमच ऐकते, म्हणजे माझा दिवस फुकट जायचा नाही."

दोघांनी आपापलं सांगितलं. लीलंड वेळ मागून दोनदा बोलला. व्हर्नाबाईंनी सफरचंदाची पायही खाल्ली, पावही खाल्ला, आणि तोंड पुसून म्हणाल्या, "हे बघा, पडद्यावरची रंगीत चित्रं मला कळत नाहीत. ज्याची वस्तू मी डोळ्यांनी बघीन आणि हातानं चाचपीन, त्याच्यामागे मी उभी राहीन."

ते ऐकून लीलंड घरी आला तो तरंगतच. कोरीन बिचारी काय दाखवणार? तिचं सगळं बर्फाखाली! आपण मात्र आख्खी खोली उभी करू. सरोवर गोठलं की गावातले मासेमार बर्फावर लाकडी खोपटी टाकून, खाली भोक पाडून गळ सोडून बसतात, तसंच एक खोपटं, पण सगळं भुशाच्या तक्त्यांचं. भिंती, छप्पर, खालची जमीनसुद्धा. विद्यापीठाच्या निवड समितीला आणि व्हर्नाबाईंना तिथेच बोलवायचं. बाहेर मरणाची थंडी, आत मूठभर लाकडांवर उबदार.

"आणि गावातल्या हॉलमध्ये का नाही?" त्याच्या बायकोनं, आयलीनं, विचारलं.

"हॉलमध्ये थाट नाही, आयली."

"तुला थाट आवडत नाही असं तूच सांगत असतोस ना?"

"मला नाहीच आवडत. समितीला आवडतो."

आयलीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की बोलायची गरज पडत नाही, तसं बघितलं.

खोपटं उभं राहिलं ते सरोवराला मिळणाऱ्या ओढ्याच्या मुखाशी. रस्ता तिथून अगदी लागून, गाड्या लावायला जागा, आणि समितीचे प्रमुख वेंडेल स्ट्राउड यांना बर्फावरून फार चालायला नको. स्ट्राउड हे विद्यापीठाचे संशोधनाचे उपाध्यक्ष, दक्षिणेकडच्या उबदार जॉर्जियाहून आलेले. पोर्ट अल्मात आल्यापासून त्यांना कुणी मफलरशिवाय पाहिलं नव्हतं.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी कोरीन कुंपणापाशी आली. "लीलंड, खोपटं तिथे नको ठेवूस. यंदा ओढ्याचं पाणी गरम उतरतंय. वरून बर्फ जाड दिसतो, पण खालून पोखरलाय. माझी यंत्रं तसंच सांगतायत. त्या पुढे आलेल्या भूशिराच्या पलीकडे ने."

भूशिराच्या पलीकडे वारा असा, की उभं राहणं मुश्कील. आणि गाडीरस्त्यापासून ती जागा लांब. लीलंड हसला. आपल्याला सगळं कळतं असं दाखवताना तो हसायचा तसाच.

"छान प्रयत्न होता, कोरीन."

"कसला प्रयत्न?"

"काही नाही. तुझ्या काळजीबद्दल आभारी आहे."

"गाढव आहेस तू," असं ती म्हणाली आणि घरात गेली. लीलंडला वाटलं, वर्मी लागलं तिला. त्या रात्री त्याला शांत झोप लागली. पुढे कित्येक दिवस त्याला त्या झोपेची लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी खोपट्यात स्ट्राउड, समितीच्या सदस्य म्हणून आलेल्या अधिष्ठाता मार्गरेट पेल, व्हर्नाबाई आणि लीलंड असे चौघं बसले. बाहेर श्वास गोठत होता. लीलंडनं शेगडीत चार ढलप्या टाकल्या आणि बघता बघता खोली अशी तापली की व्हर्नाबाईंनी कोट काढला. पेलबाईंनी टोपी काढली. स्ट्राउडनी मफलर काढला, कोट काढला, शेवटी बूटही काढले आणि मोजे घातलेले पाय शेगडीकडे पसरले. त्यांचा चेहरा असा सैलावला, जणू त्यांना घरून फोन आला होता.

"लीलंड," ते म्हणाले, "या गावात आल्यापासून पहिल्यांदा मला माझी बोटं जाणवतायत. सावकाश बोला. मला कुठेही जायचं नाही."

लीलंडला याहून जास्त काय हवं होतं? तो बोलायला लागला. बुरशी, भुसा, गिरणीतला वाया जाणारा माल, गरिबांची घरं. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच इतका आवडला की खालून आलेला पहिला आवाज त्याला ऐकूच आला नाही. दुसरा ऐकू आला. "शेगडी आहे," तो म्हणाला. "तापली की कुरकुरते."

"शेगडी कोपऱ्यात आहे," व्हर्नाबाई म्हणाल्या. "आवाज माझ्या बुडाखालून आला."

आणि खोली कलली. अशी सावकाश कलली की आधी फक्त कॉफीचे पेले घसरले, मग पेलबाई घसरल्या, मग दाराच्या फटीतून काळं पाणी आत आलं. शेगडी चर्र करून विझली. मग स्ट्राउड आपल्या मऊ दक्षिणी आवाजात म्हणाले, "हा सादरीकरणाचा भाग आहे का?"

लीलंडनं खांद्यानं दार ढकललं. बाहेर, बर्फावर पालथी पडून एक मोठी शिडी पुढे सरकवत कोरीन येत होती. सकाळपासून ती रस्त्यावर गाडीत बसून होती. गाडीच्या टपावर शिडी, हातात दोर.

"एकेकानं! पोटावर! घाई नको!" ती ओरडली. "आधी पेलबाई!"

पेलबाई गेल्या. स्ट्राउड नुसत्या मोज्यांवर गेले आणि जाताना मफलर मात्र विसरले नाहीत. व्हर्नाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून भिंत ठोकून बघत होत्या.

"व्हर्नाबाई, चला आता!" लीलंड म्हणाला.

"अरे थांब. लीलंड, आपण का नाही बुडलो?"

"काय?"

"बर्फ फुटलाय, आपण चार माणसं, लोखंडी शेगडी. खोकं पाण्यात गेलं आणि तिथेच थांबलं. हे तरंगतंय रे बाबा! तू तपासलं होतंस का?"

लीलंडनं ऊब तपासली होती, आग तपासली होती, उंदीर कुरतडतात का तेही तपासलं होतं. तक्ते तरंगतात का, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला. ज्या एका गुणानं चार जीव वाचवले, त्याचा शोध अपघातानं लागला होता, आणि तोही गिरणीवाल्या बाईंना.

सगळ्यांना आयलीनं घरी नेलं, घामाची खोली, म्हणजे सॉना, तापवली, कोरडे कपडे दिले. स्ट्राउड लीलंडचा विटका स्वेटर घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, पुढ्यात मांस-बटाटा भरलेली गरम पास्टी. कोरीननं फोनवर आपल्या यंत्रांचे आकडे दाखवले. ओढ्याच्या मुखाशी बर्फ कसा आठवडाभर आतून झिजत गेला, ते आलेखाच्या रेघेवर स्वच्छ दिसत होतं.

"म्हणजे हे आधी कळू शकत होतं," स्ट्राउड म्हणाले. "कुणाला माहीत नव्हतं का?"

कोरीननं कॉफीच्या पेल्यात बघितलं आणि तिथेच बघत राहिली. ती सांगणार नव्हती. लीलंडला ते कळलं, आणि तिनं ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. गप्प बसलं तर प्रकरण अपघात म्हणून मिटणार होतं. खोपटं उबदार होतं, तरंगलं होतं, व्हर्नाबाई खूश होत्या. अजून सगळं हातचं गेलं नव्हतं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तिनं काल येऊन सांगितलं होतं. मला वाटलं, माझं सादरीकरण बिघडवायला आली आहे."

आयलीनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मग मी तुमच्या आमंत्रणावरून बुडालो तर," स्ट्राउड म्हणाले.

"हो. आणि बाहेर आलात तिच्या शिडीवरून."

निकालाची कुणालाच उत्सुकता उरली नव्हती. बर्फ फुटलेला डोळ्यांनी पाहिलेल्या व्हर्नाबाई कोरीनच्या मागे उभ्या राहिल्या आणि समितीनं एकमतानं तिचाच प्रस्ताव निवडला. तिच्या कामाची गरज पटवून देणारं इतकं जिवंत प्रात्यक्षिक विद्यापीठाच्या इतिहासात झालं नव्हतं, आणि ते सगळं, सामानासकट, प्रतिस्पर्धी गटानं स्वखर्चानं केलं होतं. लीलंडवर चौकशी बसली. एक कडक ताकीद मिळाली आणि वर्षभर बर्फावर पाऊल न टाकण्याचा हुकूम. तो त्याला अन्यायाचा वाटला नाही. त्या आठवड्यात त्यानं कुंपण ओलांडून कोरीनची रीतसर माफी मागितली.

"ते बर्फ उडवायचं यंत्र घेऊन जा आधी," ती म्हणाली. "फावडं मारून मारून वाकडा झालायस."

वसंतात सरकारची माणसं प्रस्तावाची पाहणी करायला येणार होती. त्याच्या थोडं आधी कोरीन पुन्हा आली. तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे तो संकोच होता.

"लीलंड, माझे आकडे बघून लोक जांभया देतात. तू ती गोष्ट सांगशील का? बुडल्याची?"

त्यानं सांगितली. कोरीनच्या रेघांनंतर तो उभा राहिला आणि सगळं सांगितलं. फावडं, पाव, थाट, ती शांत झोप. लोक हसले. हसू ओसरल्यावर पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं, "प्राध्यापक, तुम्ही स्वतः शास्त्रज्ञ. आकड्यांवर विश्वास का ठेवला नाहीत?"

"आकड्यांवर माझा पूर्ण विश्वास होता, बाई. शेजारणीवर नव्हता."

त्या बाईंनी खाली बघून काहीतरी लिहून घेतलं.

निधी मिळाला, मागितला होता त्याहून कमी. कोरीनच्या मंडळींत लीलंडला जागा मिळाली, नावाच्या यादीत अगदी तळाशी. व्हर्नाबाईंनी उन्हाळ्यात गिरणीच्या मागच्या शेडमध्ये तक्ते बनवायला सुरुवात केली. घरांसाठी नव्हे, होड्या बांधून ठेवायच्या तरंगत्या धक्क्यांसाठी. ऊब हा शब्द त्यांनी जाहिरातीत येऊच दिला नाही. लीलंड तिथे गेला की कामगार त्याला मुद्दाम पाण्यात सोडलेल्या धक्क्याच्या पार टोकाला उभं करतात आणि दोघं-तिघं मिळून उड्या मारतात.

"चांगले तरंगतायत की," लीलंड म्हणतो. पण पाय घट्ट रोवून, आणि एक हात कठड्यावर ठेवून.