चौथी समजूत

बाई जीपमधून उतरली तेव्हाच मी ओळखलं, ही जालिंदरने पाठवलेली आहे. जालिंदर म्हणजे माझा जावई. केज ते धारूर तो काळी-पिवळी जीप चालवतो, आणि ही बाई त्याच्याच दोस्ताच्या जीपमधून आली. तीही पुढच्या सीटवर बसून. पुढची सीट काय उगीच कुणाला मिळते?

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी कबूल करते. बारा वर्षं गावातल्या महिला दूध संस्थेची सेक्रेटरी आहे. रोज सकाळी बायका हसत हसत किटल्या पुढे करतात आणि मी न हसता दुधात लॅक्टोमीटर सोडते. कुणी जास्त गोड बोललं तर दोनदा सोडते. त्या साली दुष्काळ असा की दुधात घालायलासुद्धा कुणाकडे पाणी नव्हतं, तरी मी तपासायचं सोडलं नाही. जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, आणि सकाळी नऊलाच संस्थेचं ऑफिस रिकामं पडू लागलं. त्या रिकाम्या खोलीत दर बुधवारी तालुक्याहून समुपदेशनाची बाई येऊन बसणार, असं ठरलं.

समुपदेशन! शब्द केवढा भारी. आमच्या गावाला त्याचा अर्थ एकच ठाऊक होता: समजूत घालायची आणि बाईला परत नांदायला लावून द्यायचं. माझ्या मनकर्णाची अशी समजूत तीन वेळा घातली गेली होती, याच ऑफिसात. संस्थेच्या चेअरमन केशरबाई, पण त्या सहीपुरत्या. कारभार सगळा त्यांचे मालक शहादेव आप्पा यांचा. आप्पा टेबलामागे, जालिंदरकडचे चौघे खुर्च्यांवर, मनकर्णा खाली सतरंजीवर. "काय झालं ते समद्यांपुढं सांग," आप्पा म्हणायचे. पहिल्यांदा तिने सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा निम्मं. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही, नुसता हात पुढे केला. दोन बोटं मोडलेली होती. दर वेळी जालिंदर कान पकडायचा, चहा व्हायचा, आणि मी घरी जाऊन तिची पिशवी भरायचे.

आता ती चौथ्यांदा आली होती. फाट्यापासून चालत, हातात काही नाही. अकरा दिवस झाले, तोंडातून एक शब्द नाही. आप्पांनी रविवारी पुन्हा बैठक धरली होती. या खेपेला लेकीला पाठवायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. मनाशीच. आप्पांना बोलले नव्हते आणि तिलाही नाही.

दवाखान्याची आशाताई घरी येऊन तिच्या कानात काय सांगून गेली देव जाणे, बुधवारी मनकर्णाने आपल्या आपण चपला घातल्या. मग मीही निघाले. जालिंदरच्या माणसांनी लेकीला एकटीला गाठायचं आणि मी काय घरात भाकरी थापत बसायचं?

बाई तिशीची होती. नाव विचारलं तर म्हणाली मुक्ता. मी आडनाव विचारलं. गायसमुद्रे. आडनावावरून जे काढायचं ते मी मनात काढलं, आणि संशयाला आणखी एक जागा मिळाली. पिण्याचं पाणीसुद्धा तिने घरून आणलं होतं. आमच्या गावचं नको असेल, असं मी ठरवून टाकलं.

आप्पांच्या खुर्चीत ती बसली नाही. टेबल ढकलून भिंतीला लावलं आणि मनकर्णाला विचारलं, "तुम्हाला कुठं बसलं तर बरं वाटेल?"

मनकर्णाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बसंल की कुठंबी."

"त्यांना ठरवू द्या, घाई नाही."

केवढा वेळ गेला! शेवटी मनकर्णाने एक खुर्ची ओढली आणि दार समोर दिसेल अशी ठेवली. बाईने विचारलं, दार लावू की उघडं ठेवू? मनकर्णाने उठून ते अर्धं लोटलं. "आज काही सांगितलं नाही तरी चालेल," बाई म्हणाली, "नुसतं बसलो तरी चालेल."

माझं डोकं फिरलं. नुसतं बसायला कुणी तालुक्याहून येतं का? जो माणूस काहीच विचारत नाही, त्याला सगळं आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. आणि सांगणारा कोण, ते मला माहीत होतं.

"वही न्हाई का तुमची? लिहून घेत न्हाईत कावून?"

"त्या लिहा म्हणाल्या तर लिहीन."

"आन् रविवारी काय करायचं म्हून सांगणार? जा म्हून?"

"जा म्हणणार नाही आणि राहा पण म्हणणार नाही. ते त्यांचं त्या ठरवतील."

हे तर आणखी वाईट. कुणाच्याच बाजूचा नाही म्हणणारा माणूस कुणाच्या बाजूचा असतो, ते आप्पांकडे बघून मी शिकले होते. मग मी सरळच बोलले. "तुमी जालिंदरच्या दोस्ताच्या जीपमदी आलाव. पुढच्या शिटावर."

ती चिडली नाही. "मागं बसलं की मला मळमळतं, म्हणून पुढं बसले. जीप कुणाची ते ठाऊक नव्हतं. सांगितलंत ते बरं केलं, पुढच्या वेळी एसटीनं येईन. तुमचा संशय बरोबर आहे, ठेवाच."

आता अशा माणसाशी भांडायचं कसं? मी पदर सावरून खुर्चीत नीट बसले, उठवलं तरी उठायचं नाही अशी. बाई मनकर्णाकडे वळली. "आपण बसतो तेव्हा जवळ कुणी असावं वाटतं का? की कुणी नको?"

अकरा दिवसांनी माझी लेक बोलली. "आई नको."

"काय म्हनलीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "आई भायेर बसू दे."

मी बाहेर आले. दाराजवळ दुधाचा कॅन पालथा पडला होता, त्यावर बसले. आधी त्या बाईला मनातल्या मनात सगळ्या शिव्या देऊन झाल्या. अकरा दिवस हिला मी माझ्या हाताने भरवलं, रात्री ओरडत उठली तर जवळ घेतलं, आणि मीच नको? जालिंदर नको म्हणावं, आप्पा नको म्हणावं, मी काय केलं होतं?

मग मला पिशवी भरणारे माझेच हात दिसले. मारलं जालिंदरने, पण तीन वेळा हाताला धरून त्याच्या जीपपर्यंत नेलं कुणी? दुसऱ्या खेपेला तिने माझा पदर मुठीत धरला होता आणि मी तिचं एकेक बोट सोडवलं होतं. लोक बघत होते म्हणून. मला लाज वाटली. लेकीची नाही, माझी.

तेवढ्यात आप्पा आले, आणि त्यांच्यामागे इस्त्रीचा शर्ट घातलेला जालिंदर. बाई गावात उतरल्याची बातमी जीपवाल्याने पोचवली असणार.

"छबुबाई, बरं झालं हितंच हायस," आप्पा म्हणाले. "रविवार लई लांब. मॅडम आल्यात तर आजच मिटवून टाकू. पाव्हण्याला घेऊनच आलोय."

मी सवयीने उठले. आप्पा आले की दार मीच उघडायचे. हात दारापाशी गेला तसं आत लक्ष गेलं. मनकर्णा खुर्चीत ताठ झाली होती. ती आप्पांकडे बघत नव्हती, जालिंदरकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती.

"सरक बाजूला. समजूत घालतो आन् निघतो."

"आप्पा," मी म्हणाले, "तिनं मला आत घेतलं न्हाई. तुमाला कसं सोडू?"

आप्पा हसले. "म्हंजी?"

"म्हंजी न्हाई. आज न्हाई आन् रविवारी बी न्हाई. लेक नांदायला जाणार न्हाई."

"मामी, तुमीच तर दर बारीला..." जालिंदर म्हणाला.

"व्हय, मीच. तिन्ही बारीला मीच लावून दिली. आता न्हाई."

आप्पांचं हसू गेलं. "हे संस्थेचं हापिस हाय, तुज्या घरची वसरी न्हवं. उद्या किल्ली केशरबाईकडं आणून दे."

"उद्या देते. आज माज्याकडं हाय."

जालिंदर पुढे आला. मी दारात आडवी उभी राहिले. दोन्ही हातांनी चौकट धरली. रस्त्यावरच्या टँकरपाशी बायकांची रांग लागली होती, त्या सगळ्या इकडे बघायला लागल्या. लोक बघतात याचा एवढा उपयोग मला आयुष्यात पहिल्यांदा झाला. आप्पांनी जालिंदरचा दंड धरला. "बघून घेतो," असं म्हणत जालिंदर आप्पांबरोबर निघून गेला. ते दोघं खरंच बघून घेतील, हे मला माहीत आहे.

मला वाटलं, आता मनकर्णा मला आत बोलावेल. तिने सगळं ऐकलं होतं. मी दाराशी उभी राहिले. हाक आली नाही. थोड्या वेळाने आत हळू आवाज सुरू झाला, आणि तो बाईचा नव्हता.

माझा कान आपोआप दाराकडे गेला. काय सांगत असेल? माझ्याबद्दल काय सांगत असेल? मी कॅन उचलला, अंगण ओलांडून फाटकाजवळ नेऊन ठेवला आणि रस्त्याकडे तोंड करून उन्हात बसले. तिथे तिचा शब्द पोचत नव्हता.