टोक नसलेला गळ

मला प्रश्न विचारायची खोड आहे, आणि जपानमध्ये बारा वर्षं काढूनही ती गेलेली नाही. फुनाबोरीच्या आमच्या इमारतीत कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा याचा तक्ता लावलेला आहे. लोक तो मुकाट्याने पाळतात. मी वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारून आलो होतो, की धुतलेली दह्याची डबी प्लॅस्टिकमध्ये चालते तर न धुतलेली का चालत नाही. तिथल्या बाईंनी मला वीस मिनिटं समजावलं आणि शेवटी बिचारीने स्वतःच पाणी प्यायलं. तोयोसूच्या ऑफिसात "हरीश-सानना एक शंका आहे" असं कुणी म्हटलं की सगळे लॅपटॉप पुन्हा उघडतात. माझी बायको रेखा म्हणते, "तुला जगाची चौकशी हवी, घरातली सोडून." हे मला निव्वळ टोमणा वाटायचं.

फेब्रुवारीत आमची तन्वी एक कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. ती अकरा वर्षांची, इथल्या शाळेत पाचवीत. गेले दोन हिवाळे ती तिची मैत्रीण हारुका आणि हारुकाचे वडील निशिदा-सान यांच्याबरोबर एका तळ्यावर ट्राउट मासे पकडायला जात होती. गळाला किडा किंवा कणीक लावून नव्हे. बारीक गळावरच पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी जाड दोरीच्या टोकाला बांधायची आणि ती पाण्यावर अशी टाकायची, की माशाला वाटावं खरीच माशी पडली. पकडलेला मासा लगेच सोडून द्यायचा. खात नाहीत एवढं कळल्यावर मी परवानगी दिली होती आणि विषय सोडून दिला होता.

आता ५ मार्चला त्या तळ्यावर पालक-मुलांच्या जोड्यांची स्पर्धा होती. पहिल्या तीन जोड्यांतल्या मुलांना महिनाअखेरीस डोंगरातल्या खऱ्या नदीवर दोन दिवसांचं शिबिर. जागा तीनच, पैसे भरून मिळणाऱ्या नव्हेत. हारुका पहिल्या तिघांत येणार यात शंका नव्हती, कारण निशिदा-सान या विद्येत मुरलेले. आणि एक एप्रिलला निशिदा कुटुंब बदली होऊन ओसाकाला चाललं होतं.

"हारुकाबरोबर शेवटचं कुठे जायचं तर हेच आहे," तन्वी म्हणाली. "तू येशील ना?"

येणार म्हणजे काय, मी लगेच आयोजकांना फोन लावला आणि अकरा प्रश्न विचारले. तीन रविवार नदीकाठच्या मैदानावर तन्वीने मला दोरी फेकायला शिकवलं, माशीच्या जागी लाल लोकर बांधून. पहिल्या दिवशी ती लोकर माझ्याच कानात अडकली. तिसऱ्या रविवारी बरी पडायला लागली. तन्वी "उमाई!" म्हणाली, म्हणजे छान, आणि मला प्रमोशन मिळाल्यासारखं झालं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी गाडीत ती म्हणाली, "बाबा, आज प्लीज फुत्सू नी."

फुत्सू नी म्हणजे साधं, चारचौघांसारखं.

"म्हणजे नक्की कसं?" मी विचारलं.

"हे असं विचारू नकोस."

तळं पाहून माझी मात्र पंचाईत झाली. ते तळं नव्हतंच, उन्हाळ्यात पोरं पोहतात तो तलाव होता. मागे निळ्या घसरगुंड्या उभ्या, तळाशी पोहण्याच्या पट्ट्या रंगवलेल्या, आणि त्या पट्ट्यांवरून शेकडो ट्राउट फिरत होते. हिवाळ्यात पोहायला कुणी येत नाही म्हणून पाणी माशांना भाड्याने दिल्यासारखं. सकाळीच टाकीच्या ट्रकमधून नवे मासे सोडले होते. ते कोपऱ्यात घोळका करून होते, नव्या गावात उतरलेल्या पाहुण्यांसारखे. खोली किती, पाणी कोण बदलतं, पाणी तापल्यावर यांचं काय होतं, असे पाच-सहा प्रश्न माझ्या तोंडाशी आले. तन्वीकडे बघून मी ते गिळले.

निशिदा-सान पन्नाशीचे, बारीक, मोजकं बोलणारे. त्यांनी मला वाकून एक छोटी डबी दिली. त्यात त्यांनी स्वतः बांधलेल्या तीन माश्या होत्या, तपकिरी पिसांच्या, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठ्या. "हरीश-सानसाठी," ते म्हणाले. माझा ऊर भरून आला. दुसऱ्याच्या मुलीला दोन वर्षं शिकवायचं आणि वर तिच्या बापालाही भेट द्यायची, हे कोण करतं?

नोंदणीच्या टेबलावर एक पक्कड ठेवली होती. गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो तो इथे चालत नाही, कुणाच्या गळाला असला तर तिथेच दाबून टाकायचा. एक प्रश्न तरी चालेल असं धरून मी विचारलं, का? तिथला माणूस म्हणाला, सोडताना माशाला इजा होऊ नये म्हणून. मला हे फार आवडलं.

मग तन्वीने सरावाला दोरी टाकली आणि पहिल्याच फेकीत मासा लागला. मी आयुष्यात प्रथमच जवळून बघत होतो. काठी वाकली, पाणी फुटलं, तन्वीचा चेहरा लाल झाला. ती इतकी सुंदर दिसत होती, की मी टाळ्या वाजवल्या. मासा जाळीत आला. अंगावर गुलाबी पट्टा, बारीक काळे ठिपके. गळ वरच्या ओठातून आरपार गेलेला. तन्वीने तो चिमटीने अलगद काढला. ओठावर भोक राहिलं, आणि शेजारी आणखी दोन जुनी भोकं होती.

आमच्या घरी मासा येत नाही. कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातल्या ओनिगिरीचं, म्हणजे भाताच्या मुटक्याचं पाकीट मी अजून उलटं करून वाचतो आणि माशाचा अर्क दिसला की परत ठेवतो. हे सोवळं आहे की सवय, मला ठाऊक नाही. पण ती भोकं मी पुन्हा एकदा मोजली. मग डोक्याने हिशेब मांडला, इंजिनिअरचा: इजा नको म्हणून काटा काढला, तर त्याच न्यायाने टोक का नको काढायला? मासा माशी घेईल, आपल्याला कळेल, सोडून देईल. बघायचं ते सगळं बघायला मिळेल. मी टेबलापाशी गेलो आणि त्याच पकडीने निशिदा-साननी दिलेल्या दोन माश्यांच्या गळांची टोकं कट् कट् तोडून टाकली. कुणाला सांगितलं नाही. सांगणं फुत्सू झालं नसतं.

नऊला शिट्टी झाली. वेळ तीन तास. मासा जाळीत आला तरच मोजायचा, गळ्यातल्या कार्डावर आपली रेघ आपणच मारायची, आणि जोडीतल्या दोघांच्या रेघांची बेरीज धरायची. तपासायला कुणी नाही! ही गोष्ट मी अजून ऑफिसात सांगतो.

तन्वी माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती. मी माशी टाकली. ती पाण्यावर बसली, जराशी सरकली. खालून एक सावली वर आली, थांबली, आणि तिने माशीला जवळून न्याहाळलं. खरंच न्याहाळलं, गिऱ्हाईक मेथीची जुडी न्याहाळतं तसं. मग तोंड उघडून आत घेतली. दोरीतून एक टिचकी माझ्या बोटात आली. मी काठी उचलली, आणि अर्थातच हातात काही नाही. मासा माशी थुंकून निघून गेला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्याने का घेतली? का थुंकली? दुसऱ्याने सावकाश घेतली, तिसऱ्याने झडप घातली, चौथा नुसता नाक लावून परतला. एक थोराड मासा तीनदा आला, आणि तो तोच हे मी त्याच्या फाटक्या शेपटीवरून ओळखलं. दोन तास कसे गेले कळलं नाही.

निशिदा-सानना मात्र राहवेना. माझी एकेक माशी घेतली जातेय आणि मासा लागत नाहीये, हे ते पलीकडून बघत होते. आपली काठी खाली ठेवून ते माझ्याकडे आले. "जरा घाई होतेय," ते म्हणाले. मी मान हलवली. पाच मिनिटांनी पुन्हा आले, "आता जरा उशीर होतोय." स्वतःच्या स्पर्धेतली वीस-पंचवीस मिनिटं त्यांनी माझ्या पायी घालवली. मी "हो, हो, सुमिमासेन, माफ करा" करत राहिलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडलं नाही.

तन्वीचे नऊ मासे झाले होते. एका हातात वाकलेली काठी, दुसऱ्यात जाळी, पोहण्याच्या तलावाचा उंच काठ, आणि ती पोटावर पडून हात लांब करत होती. एक मासा जाळीच्या कडेला आपटून सुटला. ती "आऽऽ" करून ओरडली. मी लांबूनच "चालायचंच!" म्हणालो आणि माझ्या फाटक्या शेपटीवाल्याकडे वळलो.

अर्धा तास उरला तेव्हा मी हात गरम करायला चहाच्या मशीनशी गेलो. तिथला कर्मचारी एकटाच होता, म्हणून सकाळचा गिळलेला प्रश्न बाहेर पडलाच: महिनाअखेरीस तलाव बंद झाला की माशांचं काय? तो म्हणाला, शेवटच्या आठवड्यात सोडायचं बंधन नसतं, लोक पिशव्या भरून घरी नेतात. मिठात भाजले की फार छान लागतात.

म्हणजे मी ज्यांचे ओठ वाचवत होतो ते सगळे तीन आठवड्यांत भाजले जाणार होते. मी परत आलो. तन्वीने हाक मारली, "बाबा, अकरा! तिसऱ्या नंबरवाल्यांचे बारा आहेत. तू दोन काढ ना! दोनच!"

डबीत तिसरी माशी होती, टोक शाबूत असलेली. मी ती चिमटीत धरली. खरं सांगतो, मी ती बांधायला घेतली होती. दोन मासे, दोन भोकं, आणि माझ्या पोरीला दोन दिवस. पण त्या थोराडाचा मघाचा न्याहाळणारा चेहरा आठवला आणि माझ्या बोटांनी ती परत डबीत ठेवली. मी तोडलेल्या गळानेच पुढची वीस मिनिटं काढली आणि तन्वीकडे बघून "प्रयत्न करतोय" अशी खूण केली. त्या खुणेची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

शिट्टी झाली. निशिदा बाप-लेक दुसरे आले. बारावाले तिसरे. आम्ही अकरा, चौथे. माझ्या कार्डावर एकही रेघ नव्हती.

तन्वी रडली नाही. तिने हारुकाचं अभिनंदन केलं, वाकून. निशिदा-सान माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "चूक माझी असेल, गळ बोथट निघाला असेल. दाखवा जरा." मी काही बोलायच्या आत त्यांनी माशी तळहातावर घेतली. चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं. जिथे टोक असायला हवं तिथे सरळ कापलेली तार होती, ती बोथट झालेली नाही हे कुणालाही कळलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि म्हणाले, "सो देस् का." असं आहे तर. एवढंच. माशी त्यांनी मला दोन्ही हातांनी परत दिली.

तन्वी त्यांच्या कोपराशी उभी होती. तिनेही बघितलं होतं.

परतीच्या गाडीत चौथं स्टेशन गेल्यावर ती म्हणाली, "किती वेळा?"

"काय किती वेळा?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"किती माशांनी घेतली?"

"सतरा," मी म्हणालो. खोटं बोलावंसं वाटलं, पण मोजले होते सतराच.

"तुला त्यांना टोचायचं नव्हतं."

"नाही गं. जमेना मला. तू फुत्सू नी म्हणालीस, म्हणून मग..."

"ते तू सगळ्यांना प्रश्न विचारत सुटतोस त्याबद्दल होतं!" तिचा आवाज चढला. समोरच्या आजोबांनी पेपर खाली केला. "मला सांगायचं ना. दोघांनी काठी धरलीच पाहिजे असा नियम नव्हता."

नव्हता. मला माहीत होतं. फोनवरच्या अकरा प्रश्नांतला चौथा तोच होता: पालकाने मासे पकडलेच पाहिजेत का? नाही, नुसती मदत केली तरी चालेल. तरी अर्जावर मी दोघांपुढे काठी लिहिली, कारण तिला तेच हवं असणार असं मी धरून चाललो. आयोजकांना विचारलं, चहाच्या मशीनवाल्याला विचारलं, माशांच्या मनात काय चाललंय तेही दोन तास विचारत होतो. जिच्यासाठी गेलो होतो तिला सोडून.

"तुला काय हवं होतं?" मी म्हणालो.

"जाळी," ती म्हणाली. "तू नुसती जाळी धरायला हवी होतीस. माझे तीन मासे काठाशी येऊन सुटले, बाबा. माझा हात पुरत नव्हता."

अकरा आणि तीन चौदा होतात. तिने तोंड खिडकीकडे केलं आणि आता कुठे रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. मी शेजारी बसून होतो, आणि पुढे काय विचारावं हे मला सुचेना.