पहिल्या क्रमांकाची सिद्धी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावरच्या पडद्यावर अक्षरे उमटली आणि सारी सभा श्वास रोखून पाहू लागली.

"पाहा!" क्रमांकगुरूंनी हात उंचावला. "या सद्गृहस्थांचा ब्लॉग. कालचं पोर! आणि इंटरनेटवर अख्ख्या जगाच्या शोधात आज कितवा?"

"पहिला!" सभा गरजली.

"याला म्हणतात शब्दसिद्धी! शीर्षकात मी शक्ती भरली आहे. काना-मात्रा बदललात तर सिद्धी गेली. मग माझ्या नावानं बोटं मोडू नका."

पुढच्या रांगेतल्या निवृत्त मास्तरांचे डोळे भरून आले. पडद्यावर त्यांचाच ब्लॉग होता : 'अस्तंगत चंद्रलेखेस'.

त्यांची लेक अंघोळीला गेली, ती परत आलीच नाही. बंद खिडकी, आत गॅसचा गीझर आणि वास नसलेला विषारी वायू. त्याआधी तिला तिथे अनेकदा चक्कर आली होती. घरच्यांनी अशक्तपणा म्हणून सोडून दिले. दुसऱ्या कुणा बापाला वेळीच कळावे, एवढ्यासाठी मास्तर उतारवयात संगणक शिकले होते.

घरी येताच त्यांनी सुनेला हाक मारली. ती ग्रंथपाल होती.

"सूनबाई, पहिला नंबर!"

"बाबा, शोधताना त्यांनी काय लिहिलं?"

"शीर्षक. संपूर्ण."

"मग दुसरं कोण येणार? या नावाचं जगात दुसरं काही नाहीच. एकट्याच्या शर्यतीतला पहिला नंबर हा!"

"डोळ्यांनी पाहिलं मी!"

"पाहिलंत ते खरंच. फसवणूक प्रश्नात होती, उत्तरात नव्हे." तिने आपला फोन पुढे केला. "समजा, घरातलं कुणी चक्कर येऊन बाथरूमबाहेर आलं. तुम्ही काय विचाराल?"

मास्तरांनी फोन हातात घेतला. 'गॅस गीझर लावल्यावर चक्कर का येते?' त्यांनी लिहिले. सून पानामागून पान सरकवत राहिली. त्यांचा ब्लॉग कुठेच नव्हता.

"वाचनालयात माणूस क्वचितच पुस्तकाचं नाव घेऊन येतो, बाबा, अडचण घेऊन येतो. या यंत्रात मंत्र नाही. पुस्तकामागच्या सूचीसारखी सूची आहे. लोक ज्या शब्दांत विचारतात, ते शब्द पानावर हवेत. तुमच्या लेखात 'गीझर' कुठेच नाही. 'अग्निकुंड' आहे."

"तो शब्द लिहवत नव्हता गं," मास्तर म्हणाले.

सुनेने पदराने डोळे टिपले आणि त्यांच्या शेजारी बसली.

शीर्षक बदलले : 'बंद बाथरूममध्ये गॅस गीझर : चक्कर ही धोक्याची खूण'. पहिल्याच परिच्छेदात साध्या भाषेत लिहिले : गीझर बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत न्या, डॉक्टरांना बोलवा. 'अस्तंगत चंद्रलेखेस' ही जुनी ओळ लेखाच्या तळाशी गेली. वाचनालयाने आपल्या संकेतस्थळावर या लेखाचा दुवा दिला. काही आठवड्यांनी तो शोधाच्या पहिल्या पानावर दिसू लागला. पहिला नव्हे, पण दिसू लागला.

मग पहिला अभिप्राय आला.

'सर, माझ्या धाकट्या भावाला अशीच चक्कर यायची. मी खूप शोधलं, काही मिळालं नाही. तो गेला. आज तुमचा लेख सापडला. त्यावरची तारीख जुनी आहे. तेव्हा हा कुठे होता?'

"पहिल्या क्रमांकावर होता," मास्तर पुटपुटले.

गुरूंच्या पुढच्या सभेत मास्तर उभे राहिले. "गुरुजी, आज प्रश्न मी सांगतो."

"अश्रद्ध माणसासमोर सिद्धी प्रकटत नाही, आजोबा. खाली बसा."

"माझी लेक गेली, ते अज्ञानानं. एका घरातला मुलगा गेला, तेव्हा मी इथं टाळ्या वाजवत होतो." मास्तर लोकांकडे वळले. "बाबांनो, चमत्काराचं उत्तर पाहून दिपू नका. आधी एवढंच विचारा, प्रश्न कुणी निवडला?"

सभेत कुणीतरी फोन काढला आणि आपला प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहू लागले.